तो आकडा पाण्याचा होता

चुकीचा आकडा तुमच्या सोयीचा निघाला, तर तुम्ही तो वापराल की फेकून द्याल?

सुमनआत्याने फेकून दिला होता. नाशिकच्या कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेली माझी ही आत्या गेल्या महिन्यात गेली... फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या एका फौंड्रीच्या गेटवर आमच्या कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो. निवृत्तीनंतर ती याच फौंड्रीशी भांडत होती.

तिथे ओतीव लोखंड घासणाऱ्या कामगारांना खोकला जडला होता. मॅनेजर म्हणे, धूळ मर्यादेत आहे, शेडमध्ये लटकवलेलं धूळ मोजायचं यंत्र बघा. म्हणून आम्ही आत्याला मोजणीला नेलं. धूळ खाली बसावी म्हणून मॅनेजरने सकाळपासून शेडमध्ये पाण्याचे फवारे सोडले होते. झालं उलटंच! यंत्रावरचा आकडा सरसर चढला.

"घावला! सायेब सोताच्याच पाण्यात बुडाला!" ग्राइंडर चालवणारे नामदेवभाऊ ओरडले. मी तर पत्रकाचा मथळाही ठरवून टाकला.

"हे छापायचं नाही," आत्या म्हणाली. "यंत्र हवेत उजेड सोडतं आणि कणांवर आपटून तो किती विखुरतो ते बघतं. पाण्याचा थेंबही त्याला धूळच वाटतो. हा आकडा पाण्याचा आहे."

"अगं, ते रोज खोटं बोलतात!"

"म्हणून आपणही बोलायचं? उद्या आपलं खरंही कचऱ्यात टाकतील."

"बाई, तुमी आमच्याच बाजूच्या ना?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"म्हणूनच तर. फवारे बंद करायला सांगा."

मग तिने नामदेवभाऊंच्या कॉलरला फिल्टर लावला, कमरेला छोटा पंप बांधला. पाळीभर हवा त्या फिल्टरमधून ओढली आणि जमलेली धूळ प्रयोगशाळेत तोलली. फवारे बंद झाल्यावर यंत्र सांगत होतं त्याहून ती कितीतरी जास्त भरली. कारण यंत्र पारखलं होतं दुसऱ्याच, बारीक धुळीवर. इथली वाळू-लोखंडाची धूळ जाड, जड. वजनाच्या मानाने ती उजेड फारच कमी विखुरते.

"मॅडम, यंत्राला प्रमाणपत्र आहे," मॅनेजर म्हणाला.

"असेल ना. नामदेवच्या छातीला दाखवा ते."

धूळ ओढून घेणारे पंखे त्या शेडमध्ये अजून बसलेले नाहीत. बाई गेल्या, आता कोण तोलतंय, असं ऑफिसात बोललं जातं म्हणे. आम्ही तोलणार आहोत! पण आम्ही एकाच गेटवर आहोत आणि असली यंत्रं सगळ्या औद्योगिक वसाहतीत लटकली आहेत. तुम्ही अशा शेडमध्ये काम करत असाल, तर उद्याच साहेबांना विचारा, या यंत्राचा आकडा आमच्या धुळीच्या वजनाशी कधी ताडून पाहिलात? उत्तर लेखी मागा. आणि एकटे जाऊ नका, चौघं मिळून जा.