काळ्या पाषाणाची खाण आणि शिवप्पा

चार माणसं चार दिवस एकत्र राबली की किस्से आपोआप साठतात. फक्त ते रिपोर्टमध्ये लिहिता येत नाहीत. मैंदर्गीच्या पुढं एका गावाजवळ जुनी दगडाची खाण आहे. आमच्या कॉलेजतर्फे तिचा सर्व्हे करायला आम्ही गेलो होतो: सर, रुबीना नावाची विद्यार्थिनी आणि नकाशे काढणारा मी. खाणीत मुरूम टाकून वर ग्राउंड करायचं गावात ठरत आलं होतं, म्हणून घाई. सोबतीला शिवप्पा, सत्तरीचे पाथरवट. त्यांच्या तीन पिढ्यांनी इथंच घण मारलेला.

"बुजवली तर आमी कुटलं म्हनायचं?" एवढंच ते म्हणाले.

*

एक खांब अर्धाच कोरून सोडलेला होता. का सोडला असेल? लढाई, दुष्काळ, साथ, अशी तीन कारणं सरांनी सांगितली आणि मी लिहून घेतली.

शिवप्पांनी हातोडीचा एक टोला दिला. "बद वाजतोय की! आत भेग हाय. सोडला त्यानं."

मी तिन्ही कारणं खोडली.

*

मग परातीएवढा गोल खळगा सापडला. "पूजेचं स्थान!" म्हणत सरांनी हात जोडले.

शिवप्पा लई संकोचले. "सायब, हितं छन्नीला पानी देत हुते. भट्टीत लाल करायची अन् हितं बुडवायची."

सरांनी जोडलेले हात हळूच खिशात घातले.

*

एका भिंतीवर छन्नीचे घाव उलट्या बाजूला तिरपे होते. "ह्यो गडी डावखुरा हुता," शिवप्पा म्हणाले.

रुबीना डावखुरी. "या अल्ला, मेरे जैसा! अब्बू अजून ओरडतात माझ्यावर." जेवायची सुट्टी झाली तरी ती त्या भिंतीपासून हलेना. मला तेव्हा फार बरं वाटलं.

*

शेवटच्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. मागोमाग मुरमाची ट्रॉली! सरांनी नकाशे पसरले, फोटो दाखवले. साहेबांचं लक्ष घड्याळाकडं. "रिपोर्ट पाठवा, बघू." मी नकाशे गुंडाळायला लागलो.

मग साहेब खाणीत उतरायला निघाले. काठावर शिवप्पांच्या वहाणा आणि शेजारी आमचे बूट. शिवप्पा रोज अनवाणी उतरायचे, म्हणून आम्हीही तसेच उतरायला लागलो होतो. साहेब थांबले. वाकून त्यांनी लेस सोडली, बूट-मोजे काढले.

"सायब, हितं देऊळ न्हाय, काई न्हाय," शिवप्पा म्हणाले. "तुमी बूट का काडलं?"

साहेब मोजे हातात धरून तसेच उभे राहिले. मग ट्रॉलीवाल्याकडं वळून म्हणाले, "रिव्हर्स घे रे."