कोचीचा मेणाचा कप्तान

कोचीतल्या एका धडधाकट गृहस्थाला मी तीनशे वर्षांपूर्वी वारलेला ठरवलं, यात माझा वाईट हेतू अजिबात नव्हता.

मी ब्रह्मपुरीच्या शाळेत इतिहास शिकवतो. उन्हाळ्याच्या सुटीत बायको सुनंदा आणि थोरली बहीण शकूबाई यांना घेऊन कोचीला गेलो. तिथे जुन्या बंदराची पायी सहल असते. गाइड पिवळी छत्री उंच धरून पुढे, आपण घाम पुसत मागे. जुनं चर्च झालं, डचांची दफनभूमी झाली. किनाऱ्यावरची अवाढव्य चिनी जाळी बघताना मात्र शकूबाई अशी रंगली (वैनगंगेवर एक लावायचं तिनं ठरवूनही टाकलं!) की गाइड गायब!

"भाऊ, छत्री कुठी गेली?"

"ते काय!" गल्लीच्या टोकाला पिवळी छत्री वळताना दिसली. धावलो. एका जुन्या घराच्या दाराशी छत्री मिटून ठेवलेली. म्हणजे गाइड आत! चपला काढून आम्हीही आत.

आत गाइड नव्हता. आरामखुर्चीत एक म्हातारा होता. डोळे मिटलेले, हालचाल शून्य.

"हे कोन होय जी?" सुनंदानं विचारलं.

इतिहासाच्या मास्तरानं 'माहीत नाही' म्हणायचं? छे!

"मेणाचा पुतळा. पोर्तुगीज कप्तान. तीनशे वर्षांपूर्वी याच खुर्चीत वारला."

"मंग लुंगी काऊन?"

"हवा दमट ना! इथं उतरल्यावर पोर्तुगिजांनी सर्वांत आधी पँट सोडली!"

शकूबाईनं कप्तानाच्या पोटात बोट खुपसलं. "भाऊ, हा त गरम हाय!"

"मेन होय बाई, तापते!" मी म्हणालो.

"कानात केसं भी लावले!" तिनं एक ओढून पाहिला.

आणि पुतळा शिंकला!

शकूबाई किंचाळली. सुनंदा माझ्या पायावर चढली. आतून मासे कापायची सुरी हातात घेऊन एक बाई धावत आली (छत्री तिचीच होती, ती बाजारातून आली होती!). मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "हमने टिकट निकाला है!"

म्हातारा पोट धरून हसत होता. "मुंबईच्या गोदीत तीस वर्षं होतो मी," तो चक्क मराठीत म्हणाला. "सगळं समजत होतं. म्हटलं, मी कधी मेलो ते तरी ऐकू!"

ती बाई त्याची सून निघाली; तिनं सुरी खाली ठेवली आणि चहा टाकला. शरमेनं मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. शकूबाई त्याला म्हणाली, "पोराईले भी असाच शिकवते जी हा!"

तेवढ्यात उघड्या दारातून चार अनोळखी पर्यटक डोकावले. म्हाताऱ्यानं झटकन कप खाली ठेवला, मान ताठ केली, डोळे मिटले आणि ओठ न हलवता मला म्हणाला, "मास्तर, सुरू करा!"

आणि खरं सांगतो, मी सुरू केलं! या खेपेला त्याला आणखी शंभर वर्षं आधी मारला.