फ्रिजच्या दारातल्या ट्यूबा

आळीत तिला सगळे ‘डॉक्टरीण’ म्हणत, आणि ती ते मनावर घेई. शिक्षण सातवी, गोठ्यात सहा गाई, आणि फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या जागी, गाईच्या सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा. कुणाच्या गाईची कास सुजून दगडासारखी झाली, दुधात गाठी आल्या, की शेजारीण आधी हिच्या दारात. ही बाह्या सरसावून निघालीच.

तिची पद्धत ठरलेली. डॉक्टरांनी पाच दिवस औषध सांगितलं की ही दोनच दिवस देणार. दूध स्वच्छ दिसलं की बस. औषध चालू असेपर्यंत दूध ओतून द्यावं लागतं, आणि ते तिच्या जिवावर येई. उरलेल्या ट्यूबा पुढच्या गाईला. हे अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं होतं, पण गाई बऱ्या दिसत होत्या, मग तिला सांगणार कोण?

ठिपकी तिची लाडकी. नवऱ्याला लाथा झाडायची, हिच्यापुढे मात्र मान खाली. यंदा ठिपकीचा मागचा डावा सड तिसऱ्यांदा सुजला. हिनं एक ट्यूब सोडली, मग दुसरी, मग वेगळ्या रंगाची. गाठी काही जाईनात. चौथ्या दिवशी ठिपकीनं पहिल्यांदाच तिला लाथ मारली. मांडी काळीनिळी झाली, पण तिला वाईट वाटलं ते लाथ ठिपकीची होती म्हणून.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दूध तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट घेऊन आले ते पायरीवरच बसले.

“ताई, जंतू तीन औषधांना दाद देत नाहीत.”

“माझ्याकडच्या?”

“त्याच. दोन दिवसांत लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे मागे राहतात. मग त्यांचाच गोतावळा वाढतो.”

“म्हणजे मीच पोसले म्हणा की. सड वाचेल का?”

“एक औषध उरलंय. बघू. पण सांगेन तितके दिवस, एकही कमी नाही.”

तिनं एकही दिवस कमी केला नाही. सकाळ-संध्याकाळ दुधाची बादली खड्ड्यात उपडी केली. सूज उतरली, ठिपकी वैरण खाऊ लागली, पण तो सड आटला तो आटलाच. त्या दिवशी ती गोठ्यात बसून पोटभर रडली. नवरा म्हणाला, “अगं, तीन आहेत अजून.” त्यावर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ठेवायला गेला.

महिन्याभरानं धाकटी जाऊ धावत आली. “वहिनी, एक ट्यूब द्या ना, आमच्या गाईला गाठी आल्यात.”

तिनं फ्रिज उघडून दाखवला. दारात अंडी होती.

“डॉक्टरांना बोलाव. ते सांगतील तितके दिवस औषध दे. आणि दूध ओतवलं नाही तर मला हाक मार, मी येते ओतायला.”