बाबांच्या गाण्याला माझी गिटार

एकोडीहून एसटीत चढले तेव्हा बाबांनी खिडकीतून पिशवी आत दिली. "पोहचली का फोन लाव, बाई. रडू नको." रडत होते ते स्वतःच. मी पुण्याला नोकरीला निघाले होते, आणि खरं सांगते, कधी एकदा सुटते असं झालं होतं.

गिटार इथे घेतली, हौस म्हणून. मग गेल्या हिवाळ्यात आईने फोनवर सांगितलं की पेटीवाले काका मुलाकडे नागपूरला राहायला गेले, तेव्हापासून बाबांनी विहारात भीमगीत म्हणणं सोडलं. "साथीले कोनी नाही तं कायले म्हनू, म्हन्ते." बाबा गात नाहीत? मी ठोकून दिलं, बुद्धपौर्णिमेला साथ मी करते!

येत काय होतं? डोंबल! आठवडाभर गिटारला हात नाही आणि रविवारी दिवसभर. बोटं सुजायची, पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. धानाची एक बांधी, बांधांमधला शेताचा एक तुकडा, पुरी रोवल्याशिवाय आई पुढच्या बांधीत पाय टाकत नाही. तीच म्हणाली, "काहून सारं वावर एकदम रोवून राहिली व? एक बांधी धर."

धरली. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत फक्त तो मेला एफ कॉर्ड. मग गाण्याची एकच ओळ, फोनवर टकटक ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर, सावकाश. ती बसली की पुढची. उन्हाळा लागेपर्यंत गाणं हातात आलं.

मोठ्या ऐटीत रेकॉर्ड करून पाठवलं. बाबांनी त्यावर म्हणून पाहिलं आणि मागेच राहिले. कडव्याच्या शेवटी ते थांबतात, विहारात मागे बसलेल्या बाया ओळ पुरी म्हणेपर्यंत. आता दमही घेतात. मेट्रोनोम कशाला थांबतोय? "माह्यानं नाही होत आता, बाई," म्हणाले. मला रडूच फुटलं. मेट्रोनोम बंद केला. सरावाची शेवटची बांधी ठरली: बाबा फोनवर गाणार, ते थांबले की मी थांबणार.

पौर्णिमेला मी गिटार घेऊन गावी गेले, बाबा विहारात गायला उभे राहिले. मधल्या कडव्यानंतर ते फारच थांबले. आई काळजीने उठू लागली. मी तारांवर हात ठेवून बसून राहिले. मला ठाऊक होतं, ते येतील. आले, भरल्या आवाजात.

आता पुण्यातले आमच्या गावाकडचे लोक विचारतात, "घरी आता पुन्हा कधी जाऊन राहिली?" काय सांगू! सकाळ झाली आहे, चहा उकळतोय, फोनवर बाबा घसा साफ करून राहिलेत. मी घरीच तर आहे.