मरून टी-शर्ट आणि चार स्क्वेअर

सोळा जोडपी माझ्यासमोर नाचत होती आणि कोण कोणाची बायको, हे मला सांगता येत नव्हतं.

मी स्क्वेअर डान्सचा कॉलर. चार जोडपी चौकोनाच्या चार बाजूंना उभी राहतात. मी माइकवर सांगतो तशी ती चालतात, फिरतात, जोडीदार बदलतात. शेवटी प्रत्येकाला आपल्या माणसापाशी परत आणायचं, हे कॉलरचं काम. नववीत शाळा सोडली तेव्हा वसईतल्या लग्नांत ग्रँड मार्च, म्हणजे सगळ्या जोडप्यांचा एकत्र नाच, घेणाऱ्या इनासमामांनी माझ्या हातात माइक दिला. त्या उपकारावर मी कतारमधल्या लुसैलपर्यंत पोचलो. इथल्या इव्हेंट कंपनीत प्रोबेशनवर होतो. पास झालो तर नोकरी, नाही तर परतीचं तिकीट.

त्या दिवशी एका इंजिनीअरिंग कंपनीचा फॅमिली डे होता. माझी पद्धत साधी. प्रत्येक स्क्वेअरमधलं एक जोडपं कपड्यांवरून लक्षात ठेवायचं. ते घरी, म्हणजे आपल्या जागी एकमेकांपाशी, पोचलं की बाकीचे पोचतात. पिवळा कुर्ता, निळा ड्रेस, सगळं पाठ केलं होतं.

चहानंतर सगळे मरून टी-शर्ट घालून आले.

मी घाबरलो, पण थांबलो नाही. चौथ्या कॉलला अकाउंट्सच्या पवारांच्या हाती त्यांच्या कंपनीच्या साहेबांच्या मिसेस आल्या आणि तिथेच राहिल्या.

साहेब पुण्याचे, लगेच टोमणा मारला, "पवार, लेफ्ट-राइट कळत नाही? ऑफिसातही तुमचं हेच!"

लोक हसले. पवारांनी मान खाली घातली. दारातून आमच्या मॅनेजर सावंत मॅडम हाताने खुणावत होत्या, यल्ला, पुढे चल.

पुढे गेलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण मामा म्हणायचे, स्क्वेअर मोडला तर चूक कॉलरची. मी म्युझिक बंद केलं.

"साहेब, पवार बरोबर आहेत. मी सांगितलं तेच त्यांनी केलं. चुकलो मी. सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराकडे जा."

पवारांच्या मिसेस म्हणाल्या, "बरं झालं बोललात! नाही तर घरी सगळं मला ऐकावं लागलं असतं."

मग प्रत्येक स्क्वेअरमधल्या एका जोडप्याच्या मनगटाला नॅपकिन बांधले आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सगळे घरी पोचले.

नंतर मॅडमनी विचारलं, "टी-शर्टचं शेड्यूलमध्ये होतं. वाचलं नाहीस?"

"इंग्लिशमध्ये होतं, मॅडम."

"मग विचारायचं कोणाला तरी!"

"लाज वाटली."

मॅडम म्हणाल्या, "प्रोबेशन महिनाभर वाढवते. यापुढे शेड्यूल माझ्यासमोर बसून वाचायचं."

तसं वाचलं. महिन्याने पास झालो. मॅडमचे आभार कसे मानावेत, ते अजून कळलेलं नाही.

आता खिशात चार रंगांचे रुमाल असतात. आणि शेड्यूल हातात आलं की डान्स किती वाजता, हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, टी-शर्ट कधी वाटणार?