टेन्टेटिव्ह मंगळवार

मंगळवार, सकाळ. जळगाव बसस्थानक. हजर: चाळीसगावच्या गाडीची वाट पाहणारी मी, धुळे गाडीचा कंडक्टर आणि खापराच्या पुरणपोळ्यांचा डबा घेतलेल्या पहूरच्या एक अक्का. नाव विचारायचं राहिलं.

अक्कांनी मोबाइल पुढे केला. धुळ्याच्या जावयाचा निरोप होता, "डोहाळजेवण टेन्टेटिव्ह मंगळवारी."

"ताई, हे पक्कं म्हनू का कच्चं?"

"सध्या ठरलंय, पण बदलू शकतं."

"मंग मी बसू का नको?"

ऑफिसच्या नोटिशींत हा शब्द मी नेहमी घालते. तरी म्हटलं, "विहीणबाईंना विचारा."

"इहिणीले कसं इचारू? म्हनतीन, पोरीच्या मायले धीर नाही!"

त्यांनी खिडकीतून डबा आत ठेवून जागा धरली आणि स्वतः खालीच उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पुन्हा सोडत.

"अक्का, येता का?" कंडक्टर ओरडला.

"टेन्टेटिव्ह!"

त्याने हसत घंटी मारली. गाडी हलली, तशा अक्का डब्यासाठी धावत आत चढल्या.

त्या दिवशी डोहाळजेवण झालं का, मला माहीत नाही. शुक्रवारच्या बैठकीची नोटीस काढायची आहे. वाराच्या आधी कोणता शब्द घालावा, ते अजून ठरत नाही.