डोमाजी ओरडला नाही तेव्हा

आंधळगावच्या डोमा रामटेकेनं तीस वर्षांत एकशे बारा खून केले होते. वर चाळीसेक अपहरणं, सात खोटी मृत्युपत्रं आणि एकदा भर मांडवातून नवरी पळवली. सगळं झाडीपट्टीच्या नाटकांत, स्टेजवर. पोलीस दर वेळी तिसऱ्या अंकाच्या शेवटी यायचे, अन् तोवर डोमाजी मनसोक्त हसून घ्यायचा. त्याचं ते हसणं मांडवाच्या कनातीबाहेर उभ्या बैलांनाही ओळखू यायचं. दिवसा तुमसरच्या राइस मिलमध्ये धानाची पोती उचलायची आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा अन् नाटकांचा सीझन लागला की खलनायक व्हायचं, असा हा माणूस.

यंदा नाटक कंपनीनं नागपूरचा नवा पोरगा घेतला. तो नाचत नाचत खून करतो म्हणे. डोमाजीला मॅनेजर म्हणाला, "आता तुमी हिरोइनचे बाबा करा."

"बाबा? म्हणजे पहिल्या अंकात खोकाचं अन् दुसऱ्यात मराचं?" डोमाजीनं कपाळाचा मळवट तिथंच पुसला आणि घरी आला.

तिसऱ्या दिवशी गल्लीतली हर्षा दारात. ही पोरगी कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि यूट्यूब पाहून पाहून कार्टून बनवायला शिकली. कोणी शिकवलं नाही, कोणी सर्टिफिकेट दिलं नाही.

"मामा, मले व्हिलन पाहिजे."

"कार्टूनमंधी? मी का आता मांजर होऊ?"

"मांजर नाही. शोषक. अंतराळातून येते, एकेका ग्रहाचं पाणी ओढून नेते."

"किती लोकं मारते?"

"पहिल्या भागात साडेतीन अब्ज."

डोमाजी खाटेवर बसला. एकशे बारा करायला त्याचे केस पांढरे झाले होते. "कधी येऊ?" त्यानं विचारलं.

हर्षानं अडचण सांगितली. शोषकाचा आवाज तिनं आधी कम्प्युटरनं काढला होता, आणि पोरं चिवडा खात हसली होती. आता रविवारी विहाराच्या सभागृहात सगळ्या गावाच्या पोरांना पहिला भाग दाखवायचा होता.

"आंधळगावची पोरं माह्यावर हसली," डोमाजी मुठी आवळत म्हणाला, "तर जातो कंपनीत अन् घेतो बापाचा रोल. आयुष्यभर खोकत बसतो."

रेकॉर्डिंग हर्षाच्या घरी, धानाच्या कोठीत. पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही. डोमाजी बुधरामला घेऊनच आला. बुधराम दिवसा तळ्यावर जाळं टाकतो आणि सीझनमध्ये कंपनीचा प्रॉम्प्टर. आपल्याकडे रोज नवं गाव, नवं नाटक. पाठ कोण करणार? विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, हळूच वाक्य सोडतो आणि नट ते झेलून गरजतो. डोमाजीनं तीस वर्षांत स्वतःहून एक वाक्य बोललेलं नव्हतं.

"मामा, दोघांचाही आवाज येऊन राहिला ना," हर्षा कानाला हेडफोन लावून ओरडली.

"त्याच्याशिवाय माह्या तोंडातून 'पाणी दे'सुद्धा निघत नाही, बेटा."

"बरं. बुधरामकाकाचा नंतर कापून टाकतो."

तिनं कापलाही. पण चाळीस वाक्यं कापता कापता एका ठिकाणी उलटं झालं. डोमाजीची गर्जना गेली, बुधरामची कुजबुज राहिली.

शनिवारी दुपारी शेजारची पाच पोरं गोळा करून हर्षानं भाग चालवला. शोषक गरजला, "हा हा हा! सारं पाणी माझं!" पोरं उड्या मारायला लागली. "डोमाबाबा! डोमाबाबा!" एकानं तर टाळ्या वाजवल्या. डोमाजीचा चेहरा भिजलेल्या पोत्यासारखा झाला.

तेवढ्यात ते वाक्य आलं. बुधरामचा सपाट, संथ आवाज: "झोपलेल्याले उठवू नका. पाणी काढून घ्या. सकाळी त्याईले कळनच."

पोरांच्या उड्या थांबल्या. सगळ्यात लहान होता तो सरकत सरकत हर्षाच्या मांडीत गेला.

"हे काय?" डोमाजी भडकला. "हा तर नुसता वाचून राहिला! ह्याच्यात अभिनय कुठी आहे?"

"म्हणूनच तर भेव लागते, मामा. शोषकाले राग नाही. त्याले वाटते आपण बरोबर आहो."

"मंग घे ह्यालेच!"

बुधरामला माइकसमोर बसवलं. बावीस वर्षं विंगेत कुजबुजलेला माणूस. 'आता तुम्ही व्हिलन' म्हटल्यावर असा काही डरकाळला की वरचं पोतं घसरून हर्षाच्या खुर्चीशेजारी पडलं. हसता हसता हर्षाचा हेडफोन गळ्यात आला. बुधराम मात्र लाजून म्हणाला, "मनात होतं जी. बरेच दिवसापासून."

डोमाजी हसला नाही. त्याला एक साहेब आठवला होता. रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती मोजायला आलेला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. चहा घेतला, पोरांच्या शाळेची चौकशी केली, 'तुमच्याच भल्यासाठी आहे' म्हणाला आणि शेजारच्या रुखमिणीबाईच्या भिंतीवर, घर पाडायची खूण म्हणून, खडूनं फुली मारून गेला. त्या दिवशी अख्खी वस्ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली होती! डोमाजीला ते आठवून आजही अंगाची आग झाली.

"बुधराम, वही उघड," तो म्हणाला. "हर्षा, लाव मशीन."

हात आपोआप वर उठायचे, म्हणून तो हातांवर बसला. बुधराम वाक्य सोडायचा, आणि डोमाजी ते चहा पिता पिता बोलल्यासारखं बोलायचा. फक्त जिथं त्याला वाटलं तिथं, वहीत नसलेलं, 'तुमच्याच भल्यासाठी' जोडायचा. बुधराम वहीत शोधत राहिला, हे कुठं लिहिलं आहे म्हणून.

रविवारी सभागृहात साठ पोरं. डोमाजी मागं भिंतीला टेकून उभा. पडद्यावर शोषक ग्रहाच्या तळ्याशी आला, वाकला, हळू आवाजात मासोळ्यांची चौकशी केली. कोणी हसलं नाही. कोणी चिवड्याची पुडीही फोडली नाही.

बुधरामची नात नीतू, वय वर्षं सहा, उठून थेट पडद्यापाशी गेली. "ओ काका, आमचं तळं नका नेऊ ना."

आणि नेमकं तेव्हाच शोषक म्हणाला, "तुमच्याच भल्यासाठी, बेटा."

साठ पोरांनी एकदम किंकाळी फोडली.

भाग संपला तेव्हा कोणीतरी बोट दाखवलं, हाच तो आवाज. पोरांनी डोमाजीला दारात घेरलं. नीतू कमरेवर हात ठेवून पुढे. "पाणी परत देतो म्हण!"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. पण खलनायकानं हो म्हणावं? डोमाजी वाकला, अगदी प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही."

नीतूनं त्याच्या नडगीवर अशी लाथ हाणली की बुधरामनंही डोळे मिटले.

डोमाजी लंगडत घरी निघाला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून, भेटेल त्याला नडगी दाखवत आणि हसत. घरी बायको पुष्पाबाई तेलाची वाटी घेऊन धावली.

"तेल ठेव तिकडे," तो म्हणाला. "उद्या मिलमध्ये सगळ्याईले दाखवाची आहे. तोवर सूज उतरली नाही पाहिजे."